सुरक्षित इमारतीचे मास्तर

इमारतीत नवं बिऱ्हाड आलं की ते आधी मास्तरांना गणिताच्या शिकवणीचं विचारायचं. त्यात त्यांची चूक नव्हती. येता-जाता सगळे 'मास्तर, मास्तर' करणार, नाकावर चष्मा, खिशात पांढरा खडू, माणसाला वाटणारच. पण तो खडू कापडावर रेघा मारायचा होता आणि मास्तर म्हणजे टेलरमास्तर. शाळेत ते कितवीपर्यंत गेले हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. "शिकवणी घेईन की," ते म्हणायचे, "पण पोराला काजं करायला बसवीन."

जन्मभर त्यांनी गणवेश शिवले. पोलिसांचे, पोस्टमनचे, कंडक्टरचे, बँडवाल्यांचे, हॉटेलच्या दारात सलाम ठोकणाऱ्यांचे. ऐन तारुण्यात ते स्वतः पोलीस भरतीला गेले होते. छाती दोन बोटं कमी भरली. शिंपीच तो, गप्प कसा बसेल? "साहेब, टेप तिरकी धरलीय," असं त्यांनी मोजणाऱ्याला ऐकवलं. त्यानं टेप सरळ केली, तेव्हा छाती आणखी एक बोट कमी भरली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तेव्हापासून ज्यांच्या छात्या भरल्या त्यांचे मुंढे आणि कॉलरी बसवण्यात त्यांचं आयुष्य गेलं.

हे सगळं मास्तर स्वतःच सांगतात आणि सांगताना स्वतःला काडीची सूट देत नाहीत. एकदा दुकानात कुणी नाही असं बघून त्यांनी एका फौजदाराचा अर्धवट शिवलेला कोट अंगात घातला आणि आरशासमोर कडक सलाम केला. मागे बायको उभी. ती एवढंच म्हणाली, "साहेब, घरातलं दूध संपलंय." पुढे जन्मभर दूध संपलं की ती त्यांना साहेब म्हणायची. ती गेली, मग सुईच्या नेढ्यात दोरा जाईनासा झाला आणि दुकानही गेलं. मूलबाळ नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मास्तर एकटे राहायचे आणि दोन्ही वेळचं जेवायला पहिल्या मजल्यावर आक्काकडे जायचे.

आक्का ही त्यांची थोरली बहीण. यजमान गेल्यापासून तीही एकटीच. इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे वर जाणाऱ्या प्रत्येकाला तिच्या दारावरून जावं लागे आणि तिचं दार दिवसभर सताड उघडं. उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून ती शेंगा सोलत बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हटकायची. "काय गं, आज लवकर? बरं नाही का?" "कोण रे बाबा तू? कुणाकडे निघालास?" अर्ध्या इमारतीच्या किल्ल्या तिच्या खुंटीवर. अनोळखी माणूस थोडा दमलेला दिसला तर त्याला पाणी आणि फारच दमलेला दिसला तर चहा.

अशाच एका दमलेल्या माणसानं तिचं भिंतीवरचं घड्याळ पळवलं. 'टोले बरोबर पडत नाहीत, दुरुस्त करून आणतो,' असं म्हणाला आणि चहा पिऊन घड्याळ काखेत मारून गेला तो गेलाच. आक्का म्हणायची, "येईल रे. अडकला असेल बिचारा कामात." ही हकीकत तिच्या मुलाच्या कानावर गेली. तो दूरच्या शहरात नोकरीला. त्यानं मास्तरांना फोन केला.

"मामा, आज घड्याळ गेलं. उद्या कुणी गळा दाबला तर? मी आईला इकडे घेऊन येतो."

"अरे, ती येणार नाही. इथे तिचा जीव रमलाय."

"मग तुम्ही लक्ष ठेवा. पण पुन्हा असं काही झालं, तर मी तिचं ऐकणार नाही, तुमचंही नाही."

मास्तरांनी फोन ठेवला. आक्का गेली तर? हा प्रश्न त्यांनी तिथेच दाबून टाकला आणि छाती पुढे काढली. जेवढी होती तेवढी.

नेमक्या त्याच सुमारास पोलिसांनी इमारतींसाठी नवा उपक्रम काढला. चौकीतल्या हवालदार बाई एका रविवारी सकाळी आल्या आणि पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा झाली. प्रत्येक इमारतीनं एक प्रतिनिधी द्यायचा, त्यानं लोकांना सावध करायचं, काही वावगं दिसलं तर चौकीला कळवायचं. मग साध्या वेशातला एक पोलीस न सांगता येऊन परीक्षा घेणार आणि जी इमारत पास होईल तिच्या फाटकावर 'सुरक्षित इमारत' अशी पितळी पाटी लागणार. "आता ज्यांना हे काम जमणार नाही त्यांनी हात वर करा," हवालदार बाई म्हणाल्या. झाडून सगळ्यांचे हात वर गेले. सगळ्यांत आधी मास्तरांचा. घाईत त्यांनी 'नाही' एवढंच ऐकलं नव्हतं. मग त्यांनी हात खाली घेतला, पुन्हा वर केला आणि शेवटी उभे राहून म्हणाले, "मॅडम, मी जमणाऱ्यांतला आहे."

त्यांना एक शिट्टी आणि चमकत्या पट्ट्यांचं पिवळं जाकीट मिळालं. साठी उलटल्यावर का होईना, अंगावर गणवेश चढला. जाकिटाचे मुंढे वाईट कापले होते. मास्तरांनी चष्म्यावर चष्मा चढवून रात्रभर ते उसवून पुन्हा शिवलं, आतून अस्तर लावलं, खांद्यावर कुणी न मागितलेल्या पट्ट्या बसवल्या. सकाळी ते घालून ते आक्काकडे चहाला गेले. आक्कानं वरपासून खालपर्यंत बघितलं. "रस्त्याचं काम निघालंय का कुठे?" तिनं विचारलं.

पहिल्या परीक्षेत इमारत सपशेल आपटली आणि आपटली ती आक्काच्या दारात. साध्या वेशातला पोलीस कुरिअरवाला बनून आला होता. आक्कानं त्याला आत घेतलं, पंख्याखाली बसवलं, चहा पाजला. तो जायला निघाला तेव्हा मास्तर धापा टाकत शिट्टी वाजवत खाली पोचले. मागोमाग हवालदार बाई.

"आक्का! अगं, हा कोण आहे हे तुला ठाऊक तरी आहे का?"

"पोलीस आहे," आक्का शांतपणे म्हणाली. "दाराशी बूट काढले तेव्हा मोजे खाकी दिसले. म्हटलं, कुरिअरवाला कशाला खाकी मोजे घालील? विचारलं तर आधी नाही म्हणाला, मग चहा प्याल्यावर हो म्हणाला. त्याच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे पुढच्या आठवड्यात."

तो पोलीस लाजून बुटांची लेस बांधत राहिला. हवालदार बाई हसू दाबत म्हणाल्या, "ह्यांना पास करायचं की नापास, मलाच कळेना." पण मास्तर नियमाचे पक्के. दार उघडलं म्हणजे नापास. त्यांनी स्वतःच आपल्या इमारतीला नापास करून घेतलं.

मग त्यांनी आक्काला तयार करायचा विडा उचलला. दाराला साखळी बसवली, भिंग बसवलं, आतून दोन जादा कड्या ठोकल्या. तरी ती दार उघडायचीच. वर साखळी कपडे वाळत घालायला बरी पडते म्हणायची. तेव्हा मास्तरांनी शेवटचं हत्यार काढलं. प्रतिनिधींच्या मोबाइल ग्रुपवर दिवसभर नाना बातम्या येत. कुठल्या खऱ्या, कुठल्या कुणाच्या आत्याच्या शेजारणीनं ऐकलेल्या, त्याची कुणी चौकशी करत नसे. मास्तर त्या जेवताना मोठ्यानं वाचायला लागले. वाचताना हात आखडता घेतला तर तो शिंपी कसला? जिथे बातमीत एक चोर असायचा तिथे ते दोन करत, जिथे धमकी असायची तिथे सुरा घालत. पत्ता विचारायच्या निमित्तानं गुंगीचं औषध हुंगवणारे, रडणाऱ्या बाळाचा आवाज लावून दार उघडायला लावणारे, बाहेरचा नळ सोडून देणारे आणि पाणी बघायला माणूस बाहेर आला की आत घुसणारे. आक्का आधी हसायची. मग ऐकायला लागली. मग एक दिवस तिनं घास तसाच हातात धरला आणि विचारलं, "खरंच रे? म्हातारीला असं मारतात?"

"मारतात," मास्तर म्हणाले. ते तेव्हा समाधानानं म्हणाले होते. हे सांगताना मात्र ते आजही थोडे थांबतात.

दुसऱ्या परीक्षेला तोच पोलीस आला. आक्कानं दार उघडलं नाही. भिंगातून बघितलं, आवाज ओळखला, तरी उघडलं नाही. "आजी, आईचं ऑपरेशन चांगलं झालं," असं तो बाहेरून सांगत होता, तेव्हाही नाही. बाकीच्या बिऱ्हाडांनाही मास्तरांनी त्याच बातम्या इमारतीच्या ग्रुपवर टाकून चांगलंच घाबरवून ठेवलं होतं. एकही दार किलकिलं झालं नाही. इमारत पास. फाटकावर पितळी पाटी लागली आणि सगळ्यांचा फोटो निघाला. फोटोत मास्तरांचा अर्धा खांदा आलाय. बाकीचे मास्तर जाकिटाची पट्टी सरळ करत चौकटीच्या बाहेर होते.

त्यानंतर आक्काचं दार बंदच राहायला लागलं. खुर्ची आत गेली. किल्ल्या तिनं ज्याच्या त्याला परत केल्या. "नको बाई, कुणी डोकं फोडून नेल्या तर मी काय करू?" जिन्यात तिचं हटकणं ऐकू येईना आणि लोकही एकमेकांना बघून मान वळवायला लागले. मास्तर जेवायला गेले की आतून विचारणा व्हायची, "कोण?" "अगं, मी." "मी कोण? भिंगासमोर उभा राहा. टोपी काढ." जेवताना ती फारसं बोलायची नाही, खिडकीच्या कडीकडे बघत राहायची. मास्तरांच्या हे सगळं लक्षात येत होतं आणि ते त्यालाच यश समजत होते. एवढी वर्षं मापं घेतली, पण कपडा माणसाला आवळतोय हे बघायची वेळ आली तेव्हा मास्तरांचं लक्ष पाटीकडे होतं.

मग एका दुपारी पाणी आलं.

ते गच्चीवरून आलं. जिन्याच्या पायऱ्या उतरत, प्रत्येक मजल्यावर वळण घेत, दारांखालच्या फटींतून आत शिरत. मास्तरांच्या पायाला गार लागलं तेव्हा ते वामकुक्षी घेत होते. ते दचकून उठले, दारापाशी गेले, कडीला हात घातला आणि तिथेच थिजले. बाहेरचा नळ सोडून देणारे! त्यांनी हात मागे घेतला आणि इमारतीच्या ग्रुपवर संदेश टाकला: 'सावधान. जिन्यात पाणी सोडण्यात आले आहे. कोणीही दार उघडू नये. मी परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे.' लक्ष ते पलंगावर पाय वर घेऊन ठेवून होते. सगळ्या इमारतीनं शिस्त पाळली. घराघरातून दारांच्या फटींना टॉवेल लागले, गोधड्या लागल्या. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी पोरांना टेबलावर चढवलं. कुणी म्हणून कुणी दार उघडलं नाही.

हवालदार बाई आल्या तेव्हा टाकी पार रिकामी झाली होती. चोरांनी गच्चीवरचे झाडून सगळे पितळी नळ कापून नेले होते. भर दुपारी, निवांतपणे, पिशव्या भरून, त्याच जिन्यानं वर जाऊन आणि त्याच जिन्यानं खाली येऊन. त्यांना त्रास देईल असं जिन्यात कुणी नव्हतं. जाता जाता त्यांना फाटकावर आणखी थोडं पितळ दिसलं. 'सुरक्षित इमारत' त्यांनी स्क्रूसकट उचलली.

हवालदार बाई चिखलात उभ्या राहून पंचनामा करत होत्या. "कुणी काही पाहिलं?" कुणीच काही पाहिलं नव्हतं. मास्तर जाकीट घालून मान खाली घालून उभे होते. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरून साखळीच्या फटीतून आवाज आला.

"मी ऐकलं. दोघं होते. एक पाय ओढत चालत होता. वर जाताना पिशवी रिकामी होती, उतरताना खणखणत होती. आपल्यातली पावलं नव्हती ती."

"मग आजी, हटकलं का नाही?"

"हटकणारच होते," आक्का म्हणाली. "कडीला हात पण लावला. मग ह्याचं बोलणं आठवलं."

हवालदार बाईंनी कागद मिटला. मास्तरांना बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "मास्तर, एक सांगू? इमारतीतली माणसं एकमेकांना ओळखू लागावीत, म्हणून आम्ही तुम्हाला नेमलं होतं. तुम्ही त्यांना एकमेकांपासूनच वाचवलंत." त्यांनी हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्या हसत म्हणाल्या, आणि त्या पाटीच्या चोरीवर चौकीत सलग तीन दिवस कोण कोण हसलं हेही मास्तर स्वतःच सांगतात.

भाच्याला बातमी कळलीच. रविवारी गाडी घेऊन येतो, म्हणाला. मास्तरांना वाटलं आक्का भांडेल, रडेल, जायचं नाही म्हणून हटून बसेल. मग आपण तिची बाजू घेऊ. शनिवारी सकाळी ते खाली गेले. साखळी, भिंग, टोपी, सगळं यथासांग झालं आणि आत गेल्यावर बघतात तर आक्का बॅग भरत होती. पातळांच्या घड्या एकावर एक रचून ठेवलेल्या.

"अगं, हे काय? तू निघालीस?"

"मग काय करू?"

"नाही म्हण त्याला! आता मी सगळं नीट करतो. गच्चीला कुलूप घालू, फाटकावर माणूस बसवू, कॅमेरा..."

"अरे, तूच सांगितलंस ना, कुणाला दार उघडायचं नाही म्हणून?" आक्का घडी घालता घालता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "नाही उघडत. पण दार उघडायचंच नाही, तर हे घर काय आणि ते घर काय? तिकडे निदान आत लेक आहे, नातवंडं आहेत. इथे बंद दाराच्या आत मी एकटीच."

 कॅमेऱ्याचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. ते पलंगाच्या कडेला बसले, उठले, बॅगेतलं एक पातळ उगाच काढून त्याची पुन्हा घडी घातली, शिंप्याची घडी, कोपऱ्याला कोपरा. आक्का बघत होती. लहानपणी मार खाऊन आल्यावरही हा असंच काहीतरी चाळा करत बसायचा, हे तिला माहीत होतं.

"बोल की," ती म्हणाली.

"चोर येणार नाहीत असं मी सांगू शकत नाही," मास्तर म्हणाले.

"ते दिसलंच."

"आणि मी काही तुझ्यासाठी केलं नाही हे. म्हणजे मला वाटत होतं की तुझ्यासाठीच. पण..." त्यांचा चष्मा धुरकट झाला. तो काढून ते पुसत राहिले, म्हणून पुढचं त्यांनी तिच्याकडे न बघताच सांगितलं. "तू गेलीस तर मी कुणाकडे जेवायला जाऊ? दिवसभरात माझ्याशी बोलणारी तू एकटी आहेस. तुझा मुलगा घेऊन जाईल म्हणाला, तेव्हापासून मला झोप नाही. चोराची भीती तुला कधी नव्हतीच गं. भीती मला होती. मी ती तुझ्या अंगावर शिवली, एवढंच."

आक्कानं हातातली घडी खाली ठेवली.  जिन्यातून कुणीतरी वर गेलं. दोघांनीही कान दिला.

"दुसऱ्या मजल्यावरची," आक्का म्हणाली. "कॉलेजातून आली. आज पाय जड पडतायत, पेपर वाईट गेला असणार." मग मास्तरांकडे वळून, "हे आधी नाही सांगता आलं तुला? एवढं जाकीट, शिट्टी, पाटी, इमारत बुडवलीस, आणि सांगायचं होतं काय, तर दोन वाक्यं?"

"आली नाहीत तोंडात."

"घरच्या गोष्टी तुझ्या तोंडात कधी आल्यात? बायकोच्या वेळीही असंच." हे बोलून ती थांबली, कारण ते जरा जास्त झालं होतं. मास्तरांनी मान हलवली. ते खरंच होतं.

आक्कानं फोन उचलला आणि मुलाला लावला. मास्तर समोरच बसले होते, तरी ते खोलीत नसल्यासारखी ती मोठ्यानं बोलली.

"हां, मी बोलतेय. उद्या येऊ नकोस... नाही, मी बरी आहे, मला काही झालेलं नाही. तुझा मामा बरा नाही... अरे, आजारी नाही. घाबरलाय. एकटं राहायची भीती वाटते त्याला. आता ह्या वयात त्याला टाकून मी कशी येऊ, सांग बरं?... कोण म्हणजे? तोच. पोलिसांचा प्रतिनिधी." पलीकडून भाचा काहीतरी म्हणाला आणि ती हसली, कितीतरी दिवसांनी. "हो, इथेच बसलाय समोर. देऊ का? त्यालाच विचार."

तिनं फोन पुढे केला. मास्तरांनी तो कानाला लावला. "मामा," भाचा विचारत होता, "आई म्हणते ते खरं आहे का?"

आपण इमारतीचे प्रतिनिधी आहोत, मामा आहोत, साठी उलटलेले पुरुष आहोत, हे सगळं मास्तरांना एकदम आठवलं.

"खरं आहे रे," ते म्हणाले. "राहू दे तिला माझ्याजवळ."